अंगणवाडी : एका मराठी शब्दाचा प्रवास आणि घरातली चार-पाच कामं

या मालिकेत आतापर्यंत आपण किल्ले पाहिले, लढाया पाहिल्या, तह पाहिले. आजचा विषय वेगळा आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं, त्यांच्या सदऱ्याची बटणं, त्यांची वाहणारी नाकं आणि एक मराठी शब्द. तीस-बत्तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस या विषयाकडे कसा वळला, असं तुम्हाला वाटेल. ते ओघात येईलच.

मी राहतो बंगळुरूच्या शिवाजीनगरात. शेवटची बदली इथे झाली आणि बायकोचं माहेरही इथलंच, म्हणून निवृत्तीनंतर इथेच राहिलो. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूत आहे. तिची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात, पण ती मराठीच आहे. माझं गाव सातारा जिल्ह्यात. सूनबाई कन्नड घरातली. आमच्या गल्लीत तमिळ आणि दखनी उर्दू दिवसभर कानावर पडते. या सगळ्यात आमची साडेचार वर्षांची नात वाढते आहे.

एकदा सकाळी तिला घेऊन रसेल मार्केटला पुदिना आणायला निघालो होतो. वाटेत एका खोलीवर पाटी दिसली. पाटीवर मुलांची चित्रं आणि खाली कन्नड अक्षरं. तिने विचारलं, "आबा, काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं, "अंगनवाडि." ती म्हणाली, "अंगण म्हणजे आपल्या गावाला आहे ते?" मी म्हटलं, "हो, तेच." तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोर गटार, बाजूला स्कूटरची रांग, वर लोंबणाऱ्या तारा. मग म्हणाली, "पण इथे अंगण कुठाय?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी आमच्या वस्तीबद्दल दोन शब्द, कारण शब्द कसे प्रवास करतात ते इथे चांगलं दिसतं. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शिवाजी महाराज बालवयात काही काळ इथे होते. शहाजीराजांबरोबर आलेली मराठी माणसं इथे राहिली, मिसळली आणि त्यांची बोली मागे उरली. इंग्रजांनी 1809 मध्ये इथे छावणी वसवली. आजचं शिवाजीनगर त्या छावणीच्या बाजाराभोवती वाढलं. तेव्हा या भागाला ब्लॅकपल्ली म्हणत. महाराजांचं नाव नंतर आलं. म्हणजे नावं बदलतात, माणसं बदलतात. पाटीवरचा 'अंगणवाडी' हा शब्द मात्र शहाजीराजांबरोबर आलेला नाही. तो फार उशिरा आला आणि वेगळ्याच वाटेने आला.

ती वाट सुरू होते इटलीत.

रोम शहरात सॅन लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. आपल्याकडच्या चाळींसारख्या इमारती, मध्ये अंगण. आईबाप मजुरीला गेले की मागे राहिलेली पोरं जिने, भिंती खराब करत. मालकांना कुणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवणारं हवं होतं. मुलांना शिकवावं असा हेतू त्यात फारसा नव्हता, इमारत वाचवायची होती. ते काम मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टर बाईंकडे आलं. 6 जानेवारी 1907 रोजी तिथे 'बालकांचं घर' उघडलं. शाळा हा शब्द बाईंनी टाळला आणि घर हा शब्द निवडला, हे लक्षात ठेवा.

त्या घरातल्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही बाईंनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

एक दिवस त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं ते शिकवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज कमी कसा करायचा, लोकांचं लक्ष जाणार नाही असं कसं करायचं. मुलं हसतील असं त्यांना वाटलं होतं. मुलं अगदी गंभीरपणे पाहत राहिली आणि धडा संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. या मुलांना नाकावरून रोज बोलणी बसत होती, रोज हिणवलं जात होतं. नाक पुसायचं कसं, हे मात्र आजवर कुणी शांतपणे दाखवलं नव्हतं. त्या मुलांना आपली लाज आपल्या हाताने दूर करायची युक्ती मिळाली होती, म्हणून त्या टाळ्या होत्या.

दुसरी गोष्ट. बाईंना अंगणात एक आई भेटली, कडेवर चार महिन्यांची मुलगी. त्यांनी ते बाळ घेतलं आणि वर्गात गेल्या. मुलांना म्हणाल्या, बघा ही किती शांत आहे, तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही, तुम्हाला जमेल का? मुलं इतकी स्तब्ध झाली की एरवी कधी ऐकू न येणारे बारीक आवाज ऐकू येऊ लागले. पुढे याचाच 'शांततेचा खेळ' झाला. मुलं गप्प बसतात, बाई दुसऱ्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजतात आणि ज्याचं नाव आलं ते मूल आवाज न करता उठून जातं. गप्प बसा असं दरडावून जे होत नाही ते इथे मुलं आपणहून करतात. आपलं अंग आपल्या ताब्यात ठेवता येतं, हे मुलाला त्या क्षणी कळतं.

आम्ही फौजेत 'सावधान'चा हुकूम देऊन हेच करवून घेतो असं मला आधी वाटलं. मग विचार केला तेव्हा फरक दिसला. सावधानमध्ये जवान माझ्या आवाजाकडे लक्ष ठेवतो. या खेळात मूल स्वतःकडे लक्ष ठेवतं.

आता आपल्या देशात येऊ. काठेवाडातल्या वढवाणला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला आणि याला कसल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न त्यांना पडला. आजूबाजूच्या शाळांमध्ये छडी आणि घोकंपट्टी. शोधता शोधता माँटेसरी बाईंचे विचार त्यांच्या हाती लागले. 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले, वकिली सोडली आणि 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू केलं. मुलांमध्ये ते इतके रमले की लोक त्यांना 'मूछाळी माँ' म्हणू लागले. मिशा असलेली आई! हयातभर मिशा बाळगलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही पदवी कुठल्याही पदकापेक्षा मोठी वाटते.

1923 मध्ये तिथे एक मराठी बाई आल्या. ताराबाई मोडक. जन्म 1892, मुंबईतलं सुधारक घराणं, पदवीधर. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात त्या प्राचार्य होत्या. त्या काळात हे केवढं मोठं पद! ते सोडून त्या भावनगरला गेल्या. पदरात लहान मुलगी होती आणि संसाराची घडी मोडलेली होती. गिजुभाईंच्या मनात मुलगा होता, ताराबाईंच्या मनात मुलगी. भारतातल्या बालशिक्षणाची ही दोन मोठी माणसं आपापल्या घरातल्या प्रश्नावरून या कामात आली. 1926 मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीबरोबर मराठीतूनही निघू लागली आणि मराठी आवृत्तीची जबाबदारी ताराबाईंनी घेतली. आईबापांशी बोलण्याचं ते साधन होतं.

इथे थोडं थांबतो. कबूल केल्याप्रमाणे माझी गोष्ट सांगतो.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी सरहद्दीवर होतो. कुटुंब गावी. सुट्टीवर घरी आलो की दिवस मोजके असायचे आणि मला सगळं झटपट हवं असायचं. एकदा आम्ही लग्नाला निघालो होतो. तो दारात बसून सदऱ्याची बटणं लावत होता. वरचं बटण खालच्या काजात, मग पुन्हा सोडायचं, पुन्हा लावायचं. जीप बाहेर उभी. मी म्हटलं, "सोड, मी लावतो." दोन सेकंदांत बटणं लावून मोकळा झालो. त्याने हात खाली सोडले.

पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा कपडे घालायची वेळ झाली की तो माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पसरून उभा राही. मला तेव्हा कौतुक वाटलं, पोरगं बापाला चिकटलंय म्हणून. ते हात पसरून उभं राहणं पुढे बरीच वर्षं चाललं. दहावीनंतर कुठली बाजू घ्यायची, बाबा सांगा. कुठली नोकरी धरायची, बाबा सांगा. मी सांगत गेलो. चांगलं सांगितलं, त्याचं नुकसान काही झालं नाही. पण तिशीत एकदा तो मला म्हणाला, "बाबा, मला काय आवडतं तेच मला नीट माहीत नाही." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. ताराबाईंबद्दल वाचायला लागलो ते त्या वाक्यामुळे. नातीच्या प्रश्नाने फक्त घाई केली.

तर पुन्हा इतिहासाकडे.

माँटेसरी बाईंच्या पद्धतीत एक अडचण होती. तिचं साहित्य महाग. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मोजून केलेल्या पेट्या, बटणं आणि नाड्या लावायच्या चौकटी. श्रीमंतांच्या मुलांना ते परवडायचं. 28 ऑक्टोबर 1931 रोजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी तिथल्या माँटेसरी अध्यापन विद्यालयात बोलले. हे शिक्षण गरिबातल्या गरीब मुलापर्यंतही पोचावं, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. समोर स्वतः माँटेसरी बाई बसल्या होत्या.

पुढे 1939 च्या नोव्हेंबरमध्ये बाई भारतात आल्या. मद्रासला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत त्यांचा पहिला वर्ग झाला, सुमारे तीनशे शिक्षक देशभरातून आले. सोबत त्यांचा मुलगा मारिओ होता. 1940 च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरला आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने ही माणसं शत्रूदेशाची ठरली. मारिओला आपल्या अहमदनगरच्या छावणीत नेऊन ठेवलं, बाईंना अड्यारबाहेर जायला बंदी झाली. मी नगरला काही काळ होतो, पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

मारिओ लहानपणी आईपासून दूर वाढला होता. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे जगासमोर त्याला मुलगा म्हणता येत नव्हतं. लोकांत तो पुतण्या किंवा मानलेला मुलगा म्हणूनच वावरला. 31 ऑगस्ट 1940 ला बाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली की वाढदिवसाची भेट म्हणून तुमच्या मुलाला सोडत आहोत. सरकारी कागदावर 'मुलगा' हा शब्द आला. जगभरच्या मुलांना स्वतःची ओळख करून देणाऱ्या बाईंच्या मुलाला आपली ओळख अशी, चाळिशीत, मिळाली. माणूस मोठा असला तरी स्वतःच्या घरातला प्रश्न त्याला सुटतोच असं नाही, हे यातून मी शिकलो आणि थोडा सावरलोही.

युद्धामुळे बाईंचा मुक्काम लांबला. त्या कोडाईकनालला राहिल्या, ठिकठिकाणी वर्ग घेतले आणि 1946 मध्ये परतल्या. या काळात तयार झालेल्या शिक्षकांनी देशभर शाळा काढल्या. आमच्या बंगळुरूत आज गल्लोगल्ली माँटेसरी पाटी दिसते, तिची मुळं त्या दिवसांत आहेत. पण 'अंगणवाडी'ची पाटी त्या वाटेने आलेली नाही. तिच्यासाठी आपल्याला डहाणूच्या किनाऱ्यावर जावं लागेल.

ताराबाईंनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला होता. मध्यमवर्गीय घरांतली मुलं, शहरातली सोय, सगळं छान चाललं होतं. पण गांधीजींनी मांडलेला प्रश्न तसाच होता. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आजचा पालघर. समुद्र, चिकूच्या वाड्या आणि वाड्यांत राबणारे आदिवासी. त्याच वर्षी त्याच भागात वारली समाजाने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, गोदावरी परुळेकर तिथे काम करत होत्या. ज्यांच्या आईबापांचं अंगसुद्धा स्वतःच्या मालकीचं नव्हतं, अशा मुलांमध्ये ताराबाईंना काम करायचं होतं.

त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ. 1910 साली मोरगावला जन्म. लहानपणी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीला 'तू कोण' हे समाज सांगायचा आणि ते उत्तर फार छोटं असायचं. अनुताई शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या. बोर्डीला आल्या तेव्हा पस्तिशीत होत्या आणि 1992 मध्ये गेल्या तोवर त्याच परिसरात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली बरी घरं मुलं पाठवू लागली. हरिजन वस्तीतली मुलं येईनात. बोलावलं तरी येईनात. आईबाप कामावर, मोठं भावंड धाकट्याला सांभाळणार, अंगावर धड कपडा नाही, शिवाय गावाची भीती. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आम्ही शाळा उघडली, येत नाहीत त्याला आम्ही काय करणार? या बायकांनी शाळा उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडलं, मुलांना गोळा केलं, हातपाय धुतले, केस विंचरले, गाणी म्हटली, खेळ मांडला. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

आमच्या गल्लीतल्या पाटीवरचा शब्द तिथे जन्मला.

साहित्य कुठून आणायचं? अंगणात जे आहे ते. समुद्रावरचे शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, काड्या, दगडगोटे, माती. लहानमोठं लावा, रंगाप्रमाणे लावा, डोळे मिटून स्पर्शाने ओळखा. इटलीतल्या चौकटींचं काम बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांनी केलं. 1957 मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलगा गुरं सोडून येऊ शकत नाही ना? मग शाळाच कुरणात जाईल.

फौजी भाषेत सांगायचं तर रसद पुढच्या चौकीपर्यंत पोचली पाहिजे, चौकीने मागे येऊन ती न्यायची नसते. हे सगळ्यांना कळतं. शाळेच्या बाबतीत ते करून दाखवायला ताराबाई आणि अनुताई लागल्या.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. माँटेसरी बाईंची जन्मतारीखही 31 ऑगस्टच होती. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. मुलांच्या केंद्राला नाव दिलं, अंगणवाडी. पुढे योजना देशभर पसरली आणि शब्दही. कन्नडात तो आला तेव्हा 'ण'चा 'न' झाला. असा बोर्डीचा शब्द शिवाजीनगरात पोचला.

पण नातीचा प्रश्न उरलाच. अंगण कुठाय?

मंडळी, अंगण हरवलं ते फक्त आमच्या गल्लीत हरवलं असं नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, बेळगावला असा, नाहीतर ठाण्यात बाराव्या मजल्यावर असा. ताराबाईंच्या काळी शाळेला घरापर्यंत चालत जावं लागलं. आज शाळा आपल्या दारात पिवळी बस पाठवते, पण घरात मुलाच्या हाताला काम उरलेलं नाही. जेवण भरवलं जातं, बूट घातले जातात, दप्तर भरलं जातं आणि उरलेल्या वेळात हातात मोबाईल येतो. मुलाला अक्षरं लवकर येतात. आपल्याला काय येतं, काय येत नाही, काय आवडतं, कशाची भीती वाटते, हे कळायला मात्र हात-पाय-नाक-कान चालवावे लागतात.

म्हणून आम्ही घरातल्या दहा बाय बारा खोलीत अंगण मांडायचं ठरवलं. चार-पाच कामं सांगतो. यातलं काहीच माझ्या डोक्यातलं नाही. सॅन लोरेन्झोपासून कोसबाडपर्यंत जे झालं त्याचीच ही घरगुती आवृत्ती आहे.

पहिलं, ओतणं. छोटा तांब्या, दोन फुलपात्रं, खाली ताट. पाणी इकडून तिकडे. सांडलं की पुसायचं फडकं तिचं तिने आणायचं. इथे शाबासकी द्यायची घाई करू नका. जमलं की नाही ते पाणी स्वतः सांगतं. मुलाने आपल्या तोंडाकडे न बघता पाण्याकडे बघावं, एवढंच आपल्याला हवं असतं.

दुसरं, निवडणं. राजमा, काबुली चणे, वाल एकत्र करून द्यायचे आणि वेगळे करायला सांगायचे. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. आमच्या नातीला डोळे मिटून जास्त आवडतं, हे तिला स्वतःला कळलं तेव्हा तिने घरभर सांगितलं. एक सावधगिरी : तीन वर्षांखालच्या मुलांना दाणे देऊ नका, नाकात आणि तोंडात जातात. मोठ्यांनीही जवळ बसायचं, फक्त हात मागे बांधून.

तिसरं, खडूने अंग. फरशीवर झोपायचं, कुणीतरी कडेने खडू फिरवायचा. उठून पाहिलं की 'ही एवढी मी!' मग नावं सांगायची. कोपर, घोटा, मनगट, तळवा, भुवई. आमच्याकडे मराठी नाव मी सांगतो, कन्नड नाव तिची आई सांगते. ती मिश्रण करत नाही, उलट दोन्हीकडची मालकीण झाल्यासारखी वागते. त्यानंतर मापं. पोळपाट तिच्या किती विती, दार किती हात. जग आपल्या हाताने मोजलं की आपला हात केवढा तेही कळतं.

चौथं, शांततेचा खेळ. शिवाजीनगरात शांतता कुठली, असं तुम्ही म्हणाल. बाहेर बसचा हॉर्न, अजान, बॅसिलिकाची घंटा, भाजीवाल्याची हाक. आम्ही डोळे मिटून दोन मिनिटं बसतो आणि मग कुणाला काय ऐकू आलं ते सांगतो. एकदा ती म्हणाली, "आबा, माझ्या पोटात आवाज आला." बाहेरचे सगळे आवाज ऐकून झाल्यावर तिला आतला ऐकू आला होता. शेवटी मी आतल्या खोलीतून तिचं नाव कुजबुजतो. ती चोरपावलांनी येते.

पाचवं, मनातल्या गोष्टींना नाव देणं. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची काय श्रीमंती आहे! राग, रुसवा, हिरमोड, धास्ती, हेवा, हुरहूर, कंटाळा. रडणाऱ्या मुलाला 'रडू नको' म्हणण्याआधी एवढंच विचारायचं, राग आलाय की हिरमुसलीस? मुलं विचार करतात आणि नेमकं सांगतात. परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरी हे मुद्दाम करावं. शाळेत इंग्रजी येईलच, गल्लीत गल्लीची भाषा येईल. पण रुसवा म्हणजे काय हे घरातच कळतं.

या सगळ्याला खर्च किती? खडूचा. आणि वेळेचा. खरी अडचण वेळेचीच आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण जीप बाहेर उभी असताना मीही थांबलो नव्हतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. सकाळी शाळेची बस यायची वेळ. नात दारात बसून गणवेशाची बटणं लावत होती. एक वर गेलं, एक खाली. माझा मुलगा घड्याळ बघत होता. शेवटी न राहवून तो वाकला आणि त्याचा हात पुढे गेला. मी त्याचा हात धरला. काही बोललो नाही. तिने सगळी बटणं सोडली, खालून सुरुवात केली आणि एकेक करत गळ्यापर्यंत आली. बस निघून गेली होती.

मुलगा तिला स्कूटरवर सोडून आला. चहा घेताना म्हणाला, "बाबा, माझी तुम्ही लावायचात."

मी म्हटलं, "हो. लावायला नको होती."

तो हसला. मग म्हणाला, "तिची तरी वाचली." आणि कप स्वतः विसळून ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी नातीला मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, अंगण आपल्या घरात आहे, फरशीवर खडू आहे ना तिथे. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. तिने दुसरा खडू मागितला.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यांकडे वळू. तोवर घरात कुणी लहान असेल तर उद्या सकाळी दहा मिनिटं लवकर उठा आणि बटणं त्याची त्याला लावू द्या.

जय हिंद.